करमळीचं तळं: देव गेला, बांध राहिला

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मंडळाची एक सोपी फेरी काढायची ठरली. चढण नको, ऊन नको, आजी-आजोबांनाही झेपेल अशी. मी करमळीचं तळं सुचवलं. रेल्वे स्टेशनाला लागूनच आहे, काठानं सपाट रस्ता आहे, पाखरं भरपूर. पत्रक मीच लिहिलं आणि त्यात 'जुन्या गोव्याच्या कुशीतलं निसर्गनिर्मित तळं' असं मोठ्या हौसेनं छापलं. कुशीतलं वगैरे ठीक होतं. निसर्गनिर्मित हा शब्द मात्र मला महागात पडला, आणि हा लेख त्याचीच भरपाई आहे.

सकाळी साडेसहाला आम्ही वीस-बावीस जण काठावर उभे होतो. पाण्यावर धुकं. अडयांचा थवा शीळ घालत डोक्यावरून गेला. झाडोऱ्यातून जांभळ्या पाणकोंबड्या बाहेर येऊन आमच्याकडे शंकेनं पाहत होत्या. पानांवरून कमळपक्षी चालत होते, त्यांची ती लांबलांब बोटं दुर्बिणीतून बघताना लहान मुलांची भांडणं लागली. पुढे मधल्या उघड्या पाण्यात थापटे आणि तलवार बदकं. हिवाळी पाहुणे. मी आपला पत्रकातली माहिती सांगत होतो. एवढ्यात सायकल हातात धरून वाटेनं येणारे एक वयस्क शेतकरी थांबले. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाले, "तळें देवान करूंक ना, बाब. मानशीक फळयो घाल्यो जाल्यार तळें, काडल्यो जाल्यार शेत."

म्हणजे मानशीला फळ्या घातल्या की तळं, काढल्या की शेत. एवढं बोलून ते सायकल घेऊन पुढे गेले. मंडळातली मंडळी माझ्याकडे बघून हसायला लागली. गोमंतकाच्या इतिहासावर बोलणाऱ्या माणसाला हे सांगावं लागावं, याची लाज मला अजून वाटते.

मानस ही गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवी. पाणी अडवायचं आणि सोडायचं दार म्हणजे मानस. बांधात जांभ्या दगडांची चौकट बांधायची आणि तिच्यात लाकडी दारं किंवा फळ्या बसवायच्या. खाडीकाठच्या खाजन जमिनीत या दारांची करामत बघण्यासारखी असते. भरतीचं खारं पाणी बाहेरून रेटतं तसं दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं गोडं पाणी रेटतं तसं ते उघडतं. दिवसातून दोनदा, कुणी हात न लावता. समुद्राच्या पातळीखाली गेलेली शेतं या एवढ्या युक्तीवर पिकतात. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळं लावलं की कोळंबी, मासे मिळतात, आणि त्या मासेमारीच्या हक्काची दरसाल पावणी, म्हणजे लिलाव, होत असे. गोड्या पाण्याच्या तळ्यांना भरती-ओहोटीचा संबंध नसतो, तिथं फळ्या हातानं घालाव्या-काढाव्या लागतात. तत्त्व तेच. पाणी कधी ठेवायचं आणि कधी जाऊ द्यायचं, हे गावानं ठरवायचं.

या ठरवण्याचं सगळ्यात उलटं वाटणारं उदाहरण कुडचड्याच्या नंदा तळ्याचं. गोव्यातलं हे पहिलं आणि आजवरचं एकमेव रामसर स्थळ. जून 2022 मध्ये त्याला हा दर्जा मिळाला, क्षेत्र अवघं 42 हेक्टर. बाहेरगावचा माणूस पावसाळ्यात तिथं तळं बघायला गेला तर फसेल, कारण तेव्हा तळं नसतंच. पाऊस सुरू असताना दार उघडं ठेवून पाणी शेजारच्या नदीला वाहू देतात आणि तळात भात उभा असतो. पावसाळा सरल्यावर दार मिटतं आणि पाणी साठतं. सगळ्या जगातली तळी पावसात भरतात, हे पावसात रितं होतं! भाताला पाणी हवं पण बुडवणारं नको, आणि पाऊस संपल्यावर खालच्या शेतांना ओल हवी, या दोन गरजांतून हे उलटं पंचांग आलं. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना नेमकं तेव्हाच उथळ, कोवळं पाणी मिळतं. बदकांसाठी कुणी हे केलं नव्हतं. पण शेतकऱ्याचं वेळापत्रक आणि पाखरांचं वेळापत्रक जुळलं, आणि शतकानुशतकं जुळत राहिलं.

करमळीचं तळं आकारानं मोठं, सुमारे 70 हेक्टर. भोवतालच्या टेकड्यांवरून उतरणारं पाणी इथं अडवलेलं आहे आणि ते खालच्या शेतांना वायंगणासाठी उपयोगी पडे. गोव्यात भाताची दोन पिकं, पावसाळ्यातलं सरद आणि हिवाळ्यातलं वायंगण. वायंगण हे पूर्णपणे साठवलेल्या पाण्यावर अवलंबून, म्हणून ज्या गावाला तळं त्या गावाला दुसरं पीक. तळं ही त्या काळची श्रीमंती होती.

आणि करमळी खरोखरच श्रीमंत गाव होतं. 1526 मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं तिसवाडीतल्या गावकाऱ्यांच्या रूढी लिहून काढल्या. तो दस्तऐवज 'फोराल' म्हणून ओळखला जातो. 1510 मध्ये शहर जिंकल्याला तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती, म्हणजे त्यात उमटलेली व्यवस्था पोर्तुगीजांची नव्हे, त्यांच्या आधीची आहे. तिसवाडीतल्या मानाच्या आठ गावांत करमळीचं नाव त्यात येतं. सुरुवातीला गावकारीच्या उगमाची कथा दिली आहे. ओसाड बेटावर चार माणसं आली, त्यांनी ते लागवडीखाली आणलं, वस्ती वाढली, आणि या मूळ माणसांना त्यांच्या चांगल्या कारभारामुळं गावकार म्हटलं जाऊ लागलं. कथाच आहे ती, इतिहास म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. पण गावकाराची व्याख्या तिनं कशी केली बघा: जमीन जिंकणारा नव्हे, जमीन लागवडीला आणणारा. खाडीच्या प्रदेशात लागवडीला आणणं म्हणजे आधी बांध घालणं.

गावकारी म्हणजे पुढची कोमुनिदाद. जमीन सामाईक, शेतं ठरावीक मुदतीनं लिलावानं कसायला द्यायची, येणाऱ्या उत्पन्नातून राजाचा कर, देवळाचा खर्च, बांध आणि मानशींची दुरुस्ती, आणि उरलं तर गावकारांत वाटणी. या क्रमात बांधाची जागा कुठं आहे ते महत्त्वाचं. वाटणीच्या आधी. खेकड्यानं बांधात केलेलं एक भोक वेळेवर बुजवलं नाही तर एका मोठ्या भरतीत शेकडो खंडी भाताची जमीन खारी होते आणि मग ती गोडी करायला कित्येक पावसाळे लागतात. असा धोका डोक्यावर असला की माणसं आपोआप शिस्तीत वागतात.

मग 1540 उजाडलं. त्या सुमारास तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली. पुढच्याच वर्षी त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवण्यात आलं. करमळीत तेव्हा ब्रह्मदेवाचं देऊळ होतं. ब्रह्मदेवाची देवळं देशभरात थोडी, त्यातलं हे एक. भक्तांनी मूर्ती उचलली आणि पोर्तुगीज हद्दीबाहेर, थेट सत्तरीच्या रानात नेली. वाळपईजवळ नगरगाव भागात ती आजही आहे, काळ्या पाषाणाची, कदंब काळातली, बघून डोळे निवतील इतकी सुरेख. तिथल्या गावाला नाव पडलं ब्रह्मकरमळी. देवानं आपल्या गावाचं नाव बरोबर नेलं.

आमच्या फेऱ्यांत ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे आणि ती ऐकताना लोकांचे चेहरे गंभीर होतात. पण त्या दिवशी काठावर उभं राहून मला पहिल्यांदा दुसरा प्रश्न पडला. देव गेला, त्यानंतरच्या मे महिन्यात मानस कुणी उघडली?

उघडली तर असणारच, कारण तळं टिकलं. ज्यांनी गाव सोडलं ते गेले. जे राहिले त्यांनी धर्म बदलला, नावं बदलली, पण गावकार म्हणून त्यांचा हक्क आणि बांधाची जबाबदारी चालू राहिली. नव्या सत्तेनं देवळं मोडली, गावकारी मात्र मोडली नाही. त्यात दया नव्हती, हिशेब होता. गावकारी मोडली असती तर बांध फुटले असते, बांध फुटले असते तर कर बुडाला असता. म्हणून सोळाव्या शतकात या गावाच्या आयुष्यात जे जे बदलण्यासारखं होतं ते सगळं बदललं, फक्त पाण्याचं पंचांग राहिलं. आपल्याकडे त्या काळाचा इतिहास लिहिताना आपण एकतर फुटलेल्या देवळांचा लिहितो किंवा उभ्या राहिलेल्या चर्चचा. मीही तेच करत आलो. मानशीचा इतिहास कुणी लिहिला नाही, कारण तिथं काहीच घडलं नाही. दर वर्षी उघडली, दर वर्षी मिटली.

तळ्याला दोष देणारेही भेटतात, ते ओघानं सांगून टाकतो. शेजारचं गोवा शहर एके काळी युरोपात नावाजलेलं, पण तिथं पटकी आणि तापानं इतकी माणसं मेली की हळूहळू ते ओस पडलं. 1759 मध्ये व्हाइसरॉयनं मुक्काम पणजीला हलवला आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. या रोगराईची कारणं शोधणाऱ्या जुन्या लेखनात करमळीच्या तळ्याच्या घाणीकडे बोट दाखवलेलं आहे. 1878 मध्ये आलेल्या जुझे निकोलाव दा फोन्सेकांच्या पुस्तकातही हे तळं त्या संदर्भात येतं. मला त्यात शहरवासीयांची सोय दिसते. घाण तळ्यानं केली नव्हती, तळ्यात गेली होती. तरीही हे उल्लेख आपल्या कामाचे, कारण तळं त्या काळी होतं आणि शहराच्या इतकं जवळ होतं, हे त्यातून कळतं.

पुढचा मोठा तडाखा आपल्या आठवणीतला. कोकण रेल्वेचा मार्ग गोव्यातून कसा न्यावा यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केवढा गदारोळ झाला होता! खाजनं, तळी आणि जुन्या गोव्याची वारसास्थळं यांना धक्का पोचेल म्हणून लोक रस्त्यावर आले. 1993 मध्ये केंद्रानं काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला. शेवटी रूळ मूळच्या आखणीनंच गेले आणि 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्ग खुला झाला. आज करमळी स्टेशनावर उतरून तळं बघायला जाणारे आपण त्या रेल्वेचेच उतारू. मी तेव्हा विरोधात होतो आणि आता दर महिन्याला तिनं प्रवास करतो. यात विसंगती आहे, मान्य.

पण मला विचाराल तर तळ्याला खरा धोका रुळांपासून नव्हता. तो हळू आला आणि कायद्याच्या चांगल्या वाटेनं आला. कोमुनिदादींची शेवटची पोर्तुगीज संहिता 1961 सालची, आणि त्याच वर्षी 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला. 1964 मध्ये कुळवहिवाट कायदा आला आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीनं कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळाली. हे योग्यच झालं. गावकार हा शब्द कितीही गोड वाटला तरी गावात गावकार मोजके आणि घाम गाळणारे बाकीचे, ही वस्तुस्थिती होती. ज्या बांधाचं मी इथं कौतुक करतोय तो चिखल डोक्यावरून वाहणाऱ्यांनी उभा केला, आणि त्यांची नावं कुठल्याही फोरालात नाहीत.

मात्र जमीन वाटली गेली, बांध वाटता येत नाही. पूर्वी लिलावाच्या पैशातून दुरुस्ती होई, ती तिजोरीच आटली. बांध आणि मानशींचं काम कुळांच्या संघटनांकडे आलं. काही ठिकाणी त्या चांगल्या चालल्या, काही ठिकाणी कागदावर उरल्या. तोवर घरातली पोरं नोकरीला पणजीत, मुंबईत, आखातात. भात परवडेना. ज्याला शेतच करायचं नाही त्यानं मानशीच्या फळ्यांची चिंता का करावी? काही खाजनांत तर उलटं झालं. भातापेक्षा मासळीत पैसा जास्त, म्हणून पावणी घेणाऱ्यानं खारं पाणी हवं तेवढं आत घेतलं आणि शेतं कायमची बुडाली. तळी दुसऱ्या टोकाला गेली. पाणी सोडलंच नाही तर गाळ साचतो, तण माजतं, उथळ पाणी आणि उघडा चिखल यांची अदलाबदल थांबते. पाखरांना नेमकी तीच अदलाबदल हवी असते.

आता माझ्या शब्दाकडे परत येतो. फेरीनंतर मी ठरवलं की सुधारित पत्रक काढायचं आणि त्यात स्पष्ट लिहायचं, हे तळं माणसांनी केलेलं आहे, शेतीच्या पाण्यासाठी केलेलं आहे. मंडळातल्या एका वकील मैत्रिणीनं मसुदा वाचला आणि म्हणाली, "खरं आहे, पण जरा जपून लिही."

तिचं म्हणणं असं. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांत पाणथळीची व्याख्या रामसर करारासारखीच ऐसपैस आहे. नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा तात्पुरती, सगळी त्यात बसते. पण त्याच व्याख्येच्या शेवटी अपवाद आहेत. नदीपात्रं वगळली. भातशेतं वगळली. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले साठे वगळले. मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी मुद्दाम केलेली बांधकामंही वगळली. आता खाजन म्हणजे काय? भात, मीठ आणि मासळी. आणि करमळीसारखं तळं म्हणजे काय? सिंचन. गोव्याच्या पूर्वजांनी पाण्यासाठी जे जे केलं त्याची जणू यादीच करून ती वगळली आहे! खाजनांना किनारी नियमनाच्या 2011 च्या अधिसूचनेत वेगळा उल्लेख तरी मिळाला. गोड्या पाण्याच्या गावतळ्यांचा कुणी विरोधकानं प्रश्न काढला, तर तळं मानवनिर्मित असल्याचा पुरावा म्हणून आमच्या इतिहास मंडळाचंच पत्रक पुढं करायचा!

मी दोन रात्री यावर विचार केला. निसर्गनिर्मित हा खोटा शब्द ठेवला तर तळ्याचं कदाचित भलं होईल. खरं लिहिलं तर त्याच्या विरोधात वापरता येईल. नंदा तळ्याकडे बघून थोडा धीर आला. दार उघडण्या-मिटण्यावर चालणारं तळंसुद्धा रामसर यादीत गेलं, म्हणजे वाट अगदीच बंद नाही. पण खरं कारण वेगळं. निसर्गनिर्मित म्हटलं की तळ्याला कुंपण घालून सोडून देता येतं, माणसांची गरज राहत नाही. आणि सोडून दिलेलं हे तळं पंधरा-वीस वर्षांत तळं राहणार नाही. त्याला राखायचं तर फळ्या घालणारा माणूस राखायला हवा, आणि तो माणूस पत्रकात आलाच नाही तर कायद्यात कुठून येणार?

शब्द बदलला. नव्या पत्रकात असं आहे: 'गावानं केलेलं आणि गावानं चालवलेलं तळं, पोर्तुगीजांच्या आधीपासूनच्या गावकारीची खूण.' तळं नेमकं किती जुनं याचा आकडा घातलेला नाही. मैत्रिणीनं मान हलवली, सही केली आणि म्हणाली, कोर्टात भेटू.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पहाटेची वेळ. स्टेशनातून बाहेर पडून काठाकाठानं रमत चाललं तर दोन तास पुरतात. फार जवळ जाऊ नये, अडया एकदा उठल्या की सगळं तळं उठवतात. बांधावरून एका रांगेनं चालावं, कडेला पाय देऊ नये, कडा ढासळतात. मानशीपाशी थोडं थांबावं. दिसायला काहीच नाही, दगडी खोबणी आणि ओल्या फळ्या. परतताना जुन्या गोव्याची चर्च बघायची असतात ती बघावीत, आणि सवड असेल तर दुसऱ्या दिवशी वाळपईकडे जाऊन ब्रह्मदेवालाही भेटून यावं.

आमची पुढची फेरी मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. तळी रिकामी करायचे दिवस ते. सायकलवाल्या आजोबांना मी गाठलं आहे. फळ्या काढायच्या दिवशी निरोप देतो म्हणाले, पण तारीख आधी सांगणार नाहीत, पाण्याकडे बघून ठरवतात. तेव्हा नाव नोंदवणाऱ्यांनी दोन दिवस मोकळे ठेवावेत. चपला हातात घ्याव्या लागतील.